रिकामे यान आणि सातचा भोंगा

६ जून २०२४. यानात माणसे शून्य. चंद्राबाई साळुंखे यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात माणसे दहा.

यानातला आकडा चंद्राबाईंनी आधीच विचारून घेतला होता. सून टीव्हीवर रॉकेट लावून बसली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आत कोन हाय का?" कोणी असेल तर त्या उठून मागच्या पडवीत जात आणि सगळे सुखरूप पार पडल्यावरच परत येत. कोणी नसेल तर फोडायच्या शेंगांचे सूप मांडीवर घेऊन तिथेच बसत. त्यांचा एकुलता एक मुलगा शिवतेज फौजेत नाईक होता आणि ईशान्येच्या सीमेवर होता. धोक्याच्या जागी बसलेले माणूस कोणाचेही असो, त्याच्याकडे करमणूक म्हणून बघण्याची त्यांची तयारी नव्हती.

सोप्यातल्या आकड्यावरून मात्र करंजवाडीत पुढे जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

करंजवाडी हे पलूस तालुक्यातले उसाचे गाव. त्या संध्याकाळच्या दोन वर्षे आधी ग्रामसभेने एकमताने ठराव केला होता. रोज सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठला पुन्हा वाजेल. मधल्या वेळात गावातला एकही पडदा चालू राहणार नाही, टीव्हीचा नाही, मोबाईलचा नाही, संगणकाचाही नाही. पोरांनी अभ्यासाला बसावे आणि मोठ्यांनी त्यांना बसू द्यावे, एवढाच हेतू. ठराव चांगला होता, हे क्रांतीसुद्धा मान्य करीत असे. पहिल्याच वर्षी शाळेतली मुले न अडखळता वाचू लागली, आणि कित्येक घरांत नवराबायको जेवताना एकमेकांशी बोलू लागले. त्यातून काही भांडणेही झाली, पण ती घरातली होती.

ठराव पाळला जातो की नाही हे बघायला गस्त असे. ज्या घरात पडदा चालू सापडेल त्या घराच्या कर्त्या माणसाचे नाव दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या कर्ण्यावरून वाचले जाई, आणि त्या माणसाने येत्या रविवारी शाळेचे मैदान खराट्याने झाडायचे असे. पैशाचा दंड नव्हता. पैशाचा असता तर कितीतरी जणांनी तो आनंदाने भरला असता. नाव वाचले जाण्याचा धाक त्याहून मोठा होता.

नवऱ्याच्या मागे साळुंख्यांच्या घराच्या कर्त्या चंद्राबाई होत्या आणि त्यांचे नाव दोन वर्षांत एकदाही वाचले गेले नव्हते. हा त्यांचा मोठा अभिमान होता. शिवतेजच्या चौकीवर रेंज मिळायची ती नेमकी सात-साडेसातच्या सुमारास. भिंतीतल्या देवळीत ठेवलेला फोन वाजत राही आणि चंद्राबाई समोर हात बांधून त्याच्याकडे बघत बसत. क्रांती चिडून म्हणे, "आत्या, मुलाचा फोन आहे. एवढं कोण बघतंय?" त्यावर उत्तर एकच, "मीच बघतिया की." साडेआठला त्या स्वतः फोन लावत, तोवर पलीकडची रेंज गेलेली असे. गस्तीच्या फेरीत ती माणसे रोज त्यांच्याच सोप्यात चहाला टेकत, कारण या घरात तपासण्यासारखे काही नसते, असे गृहीतच धरलेले होते.

अशा घरात क्रांतीसारखी सून आली, हे खरे तर दोघींच्याही सोयीचे नव्हते.

क्रांतीचे माहेर लोणंद. तिने भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले होते आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व बनवणाऱ्या एका कारखान्यात ती दाबचाचणी करीत असे. तयार झालेला प्रत्येक व्हॉल्व पाण्याच्या दाबाखाली धरायचा आणि तो कुठून गळतो ते बघायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिवतेज सुट्टीवर येताना एक दणकट लॅपटॉप घेऊन आला, आणि त्यात यान बांधून उडवण्याचा एक खेळ होता. टाक्या जोडायच्या, इंजिने लावायची, वर छोटी माणसे बसवायची, आणि सोडायचे. बहुतेक याने फुटत. सुट्टीतल्या रात्री नवराबायकोने मिळून याने फोडण्यात घालवल्या. शिवतेज परत गेला, लॅपटॉप राहिला, आणि क्रांतीने एकटीने खेळ पुढे चालू ठेवला. खेळातले यान का फुटले हे शोधता शोधता ती खऱ्या यानांकडे वळली. श्रीहरिकोटा, फ्लोरिडा, टेक्सास, कझाकस्तान, कुठे काय उडणार आहे, ते कशाने लांबणीवर पडले, याची बातमी वाचल्याशिवाय तिचा चहा घशाखाली उतरत नसे.

या छंदाने तिला आनंद जेवढा दिला त्याच्या दुप्पट वैताग दिला. एका उड्डाणासाठी तिने तीनदा रजा बदलून घेतली. एकदा वारा होता, एकदा झडप अडकली, एकदा कोणाची तरी बोट मना केलेल्या समुद्रात घुसली. चौथ्यांदा रजा मागायला गेली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आधी त्यांना एकदा नक्की ठरवू द्या, मग आपण ठरवू." भावकीतल्या लग्नात बायका विचारत, "इस्रोत लागनार का तू?" नाही म्हटले की विचारत, "मंग कशापायी?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने बरेच दिवस शोधले आणि मग शोधणे सोडून दिले. गावातले पुरुष पारावर बसून क्रिकेट बघत तेव्हा त्यांना कोणी कशापायी म्हणून विचारत नसे.

खेळातल्या छोट्या माणसांना नावे देता येत. क्रांतीने पहिल्या वैमानिकाला शिवतेजचे नाव दिले, तेव्हा चंद्राबाईंनी शेंगा फोडणे थांबवले. "त्याचं नाव त्यात घालायचं न्हाई." आवाज चढला नव्हता, पण क्रांतीने तत्काळ नाव बदलले. मग तिने गस्तीच्या मंडळींची नावे घातली. भोंगा समितीचे अध्यक्ष सुभेदार लालासाहेब यांना चंद्रावर पाठवताना तिचा हिशेब चुकला, इंधन संपले, आणि खेळातले लालासाहेब तेव्हापासून सूर्याभोवती फिरत राहिले. चंद्राबाईंना हे समजले तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसून झाल्यावर म्हणाल्या, "आण बाई त्याला खाली. बायको हाय त्याला." क्रांतीने ते मनावर घेतले नाही. पण तेव्हापासून तिने एक नियम मात्र केला. नवे यान आधी रिकामे उडवायचे, आणि ते परत आल्याशिवाय त्यात कोणाला बसवायचे नाही.

अमेरिकेतल्या एका कंपनीचे प्रचंड यान नेमक्या याच पद्धतीने रिकामे उडवले जात होते. मार्चमधले तिसरे उड्डाण आपल्याकडच्या घड्याळात सातला पाच कमी असताना झाले. यान वर गेले, भोंगा वाजला, आणि क्रांतीने दात आवळून टीव्ही बंद केला. वातावरणात परत शिरताना ते जळून नष्ट झाल्याचे तिला साडेआठनंतर कळले. कसे जळले, कुठून सुरुवात झाली, हे तिला आपल्या डोळ्यांनी बघायचे होते. तिच्या खेळातली याने वर जात, फिरत, आणि परतीच्या वाटेवर नेमकी तिथेच जळत. गळती कुठून सुरू होते हे बघणे तर तिचे पोटाचे काम होते.

चौथे उड्डाण ६ जूनला होते. गुरुवार, म्हणजे कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. शाळेलाही उन्हाळ्याची सुट्टी होती, अभ्यासाला बसायला गावात एकही पोर नव्हते. पण भोंग्याला सुट्टी नव्हती, कारण ठरावात सुट्टीचा उल्लेख करायचा राहून गेला होता. सकाळी शाळेच्या मैदानावर शिवराज्याभिषेक दिनाचा कार्यक्रम झाला. लालासाहेबांनी भाषण केले, जिलबी वाटली गेली, आणि पत्रावळ्या, फुले, झिरमिळ्या तशाच मागे राहिल्या.

संध्याकाळी यान वेळेवर सुटले. चंद्राबाईंनी प्रश्न विचारला, उत्तर मिळाले, सूप मांडीवर आले. खालचा भाग सुटून समुद्रात उतरला, वरचा भाग पृथ्वीला वळसा घालून हिंदी महासागराकडे निघाला. तो वातावरणात शिरायला थोडाच अवकाश होता आणि भोंगा वाजला.

क्रांती उठली, बटणापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली.

"आत्या, मार्चात मी बंद केलं होतं."

"मंग?"

"मग काय. ते जळालं, आणि मी इथं भिंत बघत बसले."

"जळताना बघायचं तुला? लय हौस."

"कुठनं जळतंय ते बघायचंय. एवढ्यासाठी तीन महिने वाट बघतेय मी. पोरंसुद्धा अभ्यासाला नाहीत आज. कुणाचं काय बिघडतंय?"

चंद्राबाईंनी सुपातली एक शेंग फोडली, दाणे वेगळे केले, टरफल बाजूला टाकले. "किती येळ?"

"अर्धा तास नाही लागायचा."

"ध्यानात ठेव, नाव वाचत्यात ते माझं. तुझं न्हवं." एवढे बोलून त्या उठल्या, दार लोटून कडी लावली आणि म्हणाल्या, "आवाज बंद कर."

क्रांती त्या वेळी मागे वळली असती तर पुढचे काही घडले नसते. हे तिला नंतर पुष्कळदा वाटले. पण पडद्यावर यानाच्या कडेने जांभळा उजेड धरू लागला होता.

कडी वाजली ती त्यानंतर थोड्याच वेळाने. बाहेरून धनाजीचा आवाज आला, "चंद्राकाकू, आज दार का लावलं वो? चा न्हाई का?" धनाजी हा ग्रामपंचायतीचा शिपाई, भोंग्याचे बटण दाबणारा तोच आणि गस्तीत शिट्टी गळ्यात घालून पुढे चालणाराही तोच. क्रांतीने टीव्हीकडे हात नेला. चंद्राबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आता लपवायचं कशाला?" आणि त्यांनी कडी काढली.

धनाजीमागून लालासाहेब आत आले, सकाळचा भगवा फेटा अजून डोक्यावर. त्यांच्यामागे अंगणवाडीच्या मदतनीस मनुबाई, आणि समितीचा चिटणीस विश्वजीत, जो रोज सकाळी कर्ण्यावरून नावे वाचत असे.

"चंद्राबाई? तुमच्या घरात?" लालासाहेबांना खरोखरच धक्का बसला होता. "आवं डिसिप्लिनचं घर म्हनून आमी लोकांना तुमचं उदाहरन देतो. बंद करा ते."

"सुभेदार मामा, पंख जळतोय," क्रांती म्हणाली. तिने मागे वळूनही बघितले नव्हते.

"कुनाचा पंख?"

त्यांनी पडद्याकडे पाहिले. यानाच्या बाजूला लावलेल्या पोलादी पंखाच्या बिजागरीपाशी भगभगीत नारिंगी रेघ उमटली होती आणि ती रुंद होत होती. पंखाच्या कडेचे तुकडे सुटून ठिणग्यांसारखे मागे उडत होते.

"हे खरं हाय का तुझा गेम?" धनाजीने विचारले.

"खरं. आत्ता, या क्षणी."

"आत मानसं हायत?" मनुबाईंनी छातीला हात लावला.

"न्हाईत," चंद्राबाई म्हणाल्या. "मी आधीच इचारलंय."

लालासाहेब बंद करा असे पुन्हा म्हणणार होते. त्यासाठी त्यांनी तोंडही उघडले होते. पण पंखाला भोक पडले, आणि ते कॉटच्या कडेवर टेकले. एकदा अध्यक्ष बसल्यावर इतरांना उभे राहण्याचे कारण उरले नाही.

"पडनार," धनाजी म्हणाला. "लिहून घ्या माझ्याकडनं."

"पानी मारायला पायजे हुतं वरनं," विश्वजीत म्हणाला.

"वर कुठलं पानी रं? आपल्याला हितं खाली तिसऱ्या दिवशी येतंय."

"गप बसा की," लालासाहेब म्हणाले. "बघू द्या."

गस्त आत गेली ती बाहेर का येत नाही हे बघायला शेजारचे अर्जुना आणि त्यांची बायको आली. डेअरीत दूध घालून परत निघालेले दोघे जण हातात रिकाम्या किटल्या घेऊन उंबऱ्यात थांबले आणि मग उंबऱ्याच्या आत आले. दहा झाले ते असे. यानावरच्या कॅमेऱ्याच्या काचेला तडा गेला, वर काजळी बसली, आणि त्या काजळीतून अर्धा खाल्ला गेलेला पंख दिसत राहिला. तो आता गळून पडेल असे सगळ्यांना वाटत होते. तो पडला नाही. अगदी शेवटी, यान उभे होताना, तोच फाटका पंख हलला.

"हललं!" अर्जुनांची बायको ओरडली. "मेलं न्हाई अजून!"

यान समुद्राला टेकले. तिकडे टेक्सासात माणसे उड्या मारू लागली. इकडे धनाजीने भान विसरून गळ्यातली गस्तीची शिट्टी जोरात फुंकली, आणि सुभेदार लालासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास रं गड्या! अंगावरची वर्दी जळाली, पर पोस्ट न्हाई सोडली!"

मग त्यांचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. ते उठले, फेटा सारखा केला, आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "चा नको आज. ड्युटीवर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती डबा भरत होती आणि चंद्राबाई परड्यात म्हशीची धार काढत होत्या. कर्ण्यातून विश्वजीतचा आवाज आला. "काल भोंग्याच्या वेळेत पडदा चालू सापडलेलं घर, एक. चंद्राबाई निवृत्ती साळुंखे." आवाज नेहमीसारखाच होता. तडा गेलेल्या काचेकडे बघत त्याच माणसाने रात्री क्रांतीच्या खांद्यावरून मान पुढे काढली होती.

परड्यातला धारेचा आवाज थांबला. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला. चंद्राबाई आत आल्या, दूध झाकून ठेवले आणि म्हणाल्या, "तुला उशीर हुईल. जा."

त्यांनी रागावावे, चार शब्द बोलावे, म्हणजे आपल्यालाही काही बोलता येईल, असे क्रांतीला वाटत होते. दिवसभर दाबाखाली धरलेल्या व्हॉल्वांकडे बघताना तिच्या डोक्यात तो थांबलेला धारेचा आवाज होता. संध्याकाळी बसमधून उतरून ती घरी न जाता सरळ ग्रामपंचायतीत गेली.

"सुभेदार मामा, काल दहा माणसं होती."

"घर एक हुतं," लालासाहेब म्हणाले.

"तुम्ही पण बघितलंत."

"आमी तपासनीला आलो हुतो."

"तपासणीत 'शाब्बास रं गड्या' म्हणतात का?"

कोपऱ्यात धनाजी हसला आणि लगेच खोकला.

"सूनबाई, फौजेत ऑर्डर म्हंजे ऑर्डर. ठरावात घर लिवलंय. मानूस न्हाई लिवलेलं. नियम घराला हाय."

"मग रविवारी झाडायला घर येणार आहे का?"

लालासाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. भोंग्यासाठी त्यांनी दोन वर्षे घरोघर फिरून शिव्या खाल्ल्या होत्या, स्वतःच्या नातवाच्या हातातला मोबाईल त्यांनी भर चौकात काढून घेतला होता. ठराव लिहिताना गस्तीवरचा माणूसही पडद्यासमोर बसू शकेल ही शक्यता त्यांच्या मनात आली नव्हती, आणि ती आता मान्य करायची तर गस्तच कोणी मानणार नाही अशी त्यांना भीती वाटत होती. गावातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच भीतीपोटी एका कोणाच्या तरी अंगावर टाकून वाचवल्या जातात. ते एवढेच म्हणाले, "तुमच्या सासूला सांगा, नुसता हात लावला खराट्याला तरी चालंल. आमी समजून घिऊ."

हा निरोप क्रांतीने घरी सांगितला. चंद्राबाईंनी तो ऐकला आणि गोठ्यातला खराटा काढून त्याची सैल झालेली दोरी घट्ट बांधली.

रविवारी क्रांतीने रजा घेतली आणि दोघी मैदानावर गेल्या. "तुझं नाव न्हाई वाचलं," चंद्राबाई म्हणाल्या. "घरी जा."

"मी बघितलंय."

"बघितलं तर धा जनांनी."

"त्या दहांतली मी आहे ना, मग झाडू द्या की."

चंद्राबाईंनी कुंपणाकडची बाजू सुनेला सोडली. मैदानावर समितीच्याच कार्यक्रमाच्या पत्रावळ्या होत्या, पाकात चिकटलेल्या, मुंग्यांनी भरलेल्या. मनुबाईंनी लोटीभर पाणी आणून दिले. त्यांचे डोळे भरले होते. खराटा मात्र त्यांनी आणला नव्हता. त्या रात्री शिवतेजचा फोन सातनंतर आला. फोन देवळीत वाजत राहिला, आणि चंद्राबाई हात बांधून बसल्या. क्रांतीला वाटले की आता उठून भिंतीवर डोके आपटावे.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत क्रांती उभी राहिली. त्या संध्याकाळी साळुंख्यांच्या सोप्यात असलेल्या दहाही जणांची नावे वाचावीत आणि उरलेल्या आठ जणांनी एकेक रविवार मैदान झाडावे, एवढेच तिचे म्हणणे होते. सरपंच म्हणाले, विषयपत्रिकेवर हा विषय नाही. ती म्हणाली, ऐनवेळच्या विषयात घ्या. सरपंच म्हणाले, ऐनवेळच्या विषयाला अध्यक्षांची परवानगी लागते, आणि अध्यक्ष मीच आहे. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "वैनी, रॉकेट लावा, बघत बघत सभा करू." सगळे हसले. हसणाऱ्यांत किटलीवाले दोघेही होते. विषय पुढच्या सभेत घेऊ असे ठरले, आणि पुढच्या सभेची तारीख ठरली नाही.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. सूर्याभोवती लालासाहेब फिरतच होते.

"तसंच फिरू दे त्यांना," ती म्हणाली. "मरेपर्यंत."

"न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "आण खाली."

"आत्या, तो खेळ आहे."

"मला कळतंय. पर तू पाठीवलंस न्हवं त्याला? मंग आणायचं बी तूच. त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याकडनं कुनाचं ऱ्हायला नको."

त्याला कितीतरी संध्याकाळी लागल्या. सोडवायला पाठवलेले पहिले रिकामे यान चुकले, दुसरे आदळले. तिसऱ्याने लालासाहेबांना गाठले आणि परत आणले. चंद्राबाईंनी डबीएवढा तो माणूस समुद्रात तरंगताना बघितला आणि मग त्या जेवायला उठल्या.

पाचवे उड्डाण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सहाच्या सुमारास ठरले. या वेळी खालचा अजस्र भाग परत येईल आणि मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला हवेतच झेलायचे, अशी बातमी गावभर झाली होती. क्रांती रजा घेऊन घरीच होती. साडेपाचला लालासाहेब दारात आले. मागे धनाजी होता. हातात आपट्याची पाने होती.

"सोनं द्यायचं ऱ्हायलं हुतं काल," लालासाहेब म्हणाले. चंद्राबाईंनी पाने घेतली, कपाळाला लावली, आणि आपल्याकडची त्यांना दिली. लालासाहेब घुटमळले. "सूनबाई, आज झेलनार हायत म्हनं? आमच्या टीव्हीला ते इंटरनेट न्हाई. म्हटलं, भोंग्याला अजून येळ हाय, नियमात बसतंय."

"आत कोन न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या, "तवा बघायला हरकत न्हाई. पर त्यो बघा, खराटा हाय दारामागं. मैदान बी हाय तितंच."

"आवं, चार म्हयनं झालं त्याला!"

"मैदान रोज घान हुतं की, सुभेदार. कवाबी झाडा. झाडून या, मंग बसा. चा बी करते."

धनाजीने खराट्याकडे बघितले, मग लालासाहेबांकडे बघितले. अध्यक्ष हलले असते तर तो हलला असता. लालासाहेब म्हणाले, "चेष्टा करताय व्हय," आणि हसले. हसणे संपल्यावरही ते काही वेळ उभे राहिले. मग दोघे गेले.

दोघींनीच ते बघितले. खालचा भाग आकाशातून उभाच्या उभा खाली आला आणि मनोऱ्याने त्याला अलगद धरले. चंद्राबाई म्हणाल्या, "बाळंतिणीच्या हातातनं पोर घ्यावं तसं घेतलं की गं." वरचा भाग अजून प्रवासात होता. या वेळी पंख शाबूत दिसत होते, नुसते कडेला तापले होते. यान समुद्राकडे उतरू लागले, ढग ओलांडले, आणि पाण्याला टेकायला अगदी काही क्षण उरले असताना भोंगा वाजला.

"आत्या, एक मिनिट. एकच."

चंद्राबाईंनी स्वतः उठून बटण दाबले. पडदा काळा झाला आणि त्यात दोघींचे चेहरे दिसले.

"काय मिळालं यातनं?" क्रांती जवळजवळ ओरडलीच. "तिकडं तो धनाजी आत्ता मोबाईलवर बघत असेल!"

"असंल," चंद्राबाई म्हणाल्या आणि सूप जवळ ओढले. "बस. फोड शेंगा."

भोंगा आजही सातला वाजतो, मुले अभ्यासाला बसतात, आणि गस्त फिरते. ती आता साळुंख्यांच्या दारावरून चहा न घेता पुढे जाते. सहा जूनच्या त्या संध्याकाळच्या दहा जणांपैकी दोघींनी मैदान झाडले. आठ जणांची झाडलोट बाकी आहे.